कुंपणाला खत

३ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरीचे तीन डबे. अजून फोडले नाहीत.

ठकीला दुसरा झटका आला. गेल्या वर्षी उजवा डोळा, आता डावा पाय ओढते. माझा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला, तरी पोरीचा डोळा अंधुक झाला तेव्हा मी दोनदा काचच बदलली होती. या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, असं डॉक्टरीणबाई सांगतात. अकराव्या वर्षी. आता त्या शक्तीला आवर घालणारं औषध शिरेतून द्यायचं म्हणतात. संमतीचा कागद आठवडाभर दुकानाच्या खणात पडून आहे. ठकीची आई साध्या फ्लूनं गेली. त्याच घरात शक्ती कमी करायला सही कशी करू? थकलोय.

लोभ आहे तसाच असू दे.
धाकटा

१० जुलै

चि. धाकट्यास, अ. आ.

सही करू नकोस. ठकीच्या आईच्या अंगात ताकद उरली नाही म्हणून ती हातची गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा कशाला? पावडर दुधातून दे. नाक मुरडेल, तरी पाज. आणखी दोन डबे पाठवते.

रागावू नये.
ताई

१९ जुलै

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र ठकीनंच वाचून दाखवलं. वाचून म्हणाली, बाबा, इथे कुंपणच शेत खातंय आणि आत्या कुंपणाला खत घालतेय. बऱ्याच दिवसांनी हसलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर आधी खण उघडला आणि सही केली.

आधी तिच्या राहिलेल्या लशी, मग औषध. घरात येणाऱ्यांनीही फ्लूची लस घ्यावी म्हणतात. तुला सुईची भीती, म्हणून आग्रह नाही.

डबे परत पाठवतोय. राग त्यांच्यावर काढ, आमच्यावरचा लोभ सांभाळ.
धाकटा

२ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझं पत्र चार दिवस पालथं घालून ठेवलं होतं. काल दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, आजी, बाही वर करा. सुईच्या आधी ते आजीच टोचलं. उठून चालू लागणार होते. तेवढ्यात मनात आलं, ठकीच्या आईला ही लस द्यायचं आपल्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

मग बसले.

दंड दुखतोय. लशीचा जोर यायला दोन आठवडे लागतात म्हणे. ठकीला सांग, सोळा तारखेला येते. हात रिकामे असतील, म्हणून लोभ कमी करू नये.
ताई