सुपिरियरबाई आणि तुझ्या आईचं फर्न

डिचोली

आठवतं का गो, कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात टांगलेल्या फर्नखाली बसून आपण डबा खायचो, आणि वरून पाणी ठिबकलं की तू आपला पाव उचलून माझी मान पुढे करायचीस? तीच मान लववून नमस्कार, प्रिय विनिता. गुडघा कसा आहे? पेडण्यात पाऊस फार म्हणे. (फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू लगेच ‘कॅमेरा फिरव, आईचं फर्न बघूया’ म्हणतेस.)

फर्न जिवंत आहे, हे आधी सांगते. छप्पर नवं होईपर्यंत तू ते माझ्या हवाली केलंस, आणि तुझ्या आईच्या हातचं म्हणून मीही जीव लावला. पण आमच्याकडे दोन मांजरं. बिस्कुट पानं खातो आणि ह्यांच्या चपलेत ओकतो (नेहमी डावीतच, कारण त्यालाच ठाऊक). सुपिरियर (एकदा चाल बघ, आपल्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपिरियरचं नाव का ठेवलं ते कळेल) थेट कुंडीत बसते. फर्न न्हाणीत नेलं, तर ओल मिळून ते सुखावलं, पण हे चिडले, “हांव न्हातना झाड म्हाका पळयता!” (झाड कुठलं बघतंय ह्यांना!) शेवटी ह्यांनीच ते छताजवळ, चवथीला गणपतीवर फळाभाज्यांची माटोळी बांधतो त्या चौकटीला टांगलं आणि म्हणाले, “आता येऊ दे तुझी सुपिरियर!”

आली. पाणी घालायची शिडी हे तिथेच विसरले होते. नुसती आली नाही, तुझ्या आईच्या फर्नमध्ये बाळंत झाली. तीन पिल्लं! पाणी घालावं तर पिल्लं भिजतात, न घालावं तर फर्न सुकतं. मी चमच्याने कडेकडेने पाजते आहे, तरी एक बाजू टकली झालीच. (तुझी आई असती तर ‘फुटतलें गो परत’ म्हणाली असती. तू तसं म्हणशील का, याचीच धास्ती आहे.) हे खालून गरजतात, “ह्या घरांत एक तर माजरां, ना जाल्यार हांव!” मी म्हटलं, “ती बाळंतीण आहे, तुम्ही मोकळे आहात.”

तुझी,
देवकी

ता. क. चवथीला माटोळी बांधायची तर चौकट रिकामी हवी. रविवारी येच. रागावून आलीस तरी चालेल, जेवून जा.

ता. क. आणखी. गड्डा फाडून दोन झाडं करू. हिरवी बाजू तुझी, टकली माझी. डोळे उघडले की पांढरं पिल्लू तुला, पट्टेवालं तुझ्या लेकीला, संजनाला. काळं ह्यांचं. त्यांनी मागितलेलं नाही, पण श्रावणात घरात मासळी वर्ज्य असताना पिशवीत सुंगटं लपवून आणून बाळंतिणीला घालणाऱ्या माणसाला रिकाम्या हातांनी कसं ठेवू?