पितळी पाटीवरचं मोठं नाव

बाबा, काल नागपूरहून एक माणूस तुमची ती लढाईची चित्रं मागायला आला होता. जुनी इंग्रजी छापील चित्रं जमवतो म्हणे. चारही काढून बघायला दिली, पण विकायची नाहीत म्हणून सांगून टाकलं. तो गेला आणि चित्रं पलंगावर तशीच पसरलेली राहिली. आवरायचं सोडून कागद घेऊन बसले. दादाच्या पाटीबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते, ते तुम्ही असताना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता लिहून राहिले, माझ्या अकलेची कमाल आहे.

ती चित्रं तुम्ही गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून आणली होती. दिवसभर बाजारात भांड्याच्या दुकानासमोर बसून पाण्याच्या गुंडावर, भाताच्या गंजावर, ताटांवर छन्नीनं लोकांची नावं टाकायची, हा तुमचा धंदा. आणि घरी आणता काय, तर अठराशे सत्तावन्नच्या लढाईची चार पानं. आई म्हणाली, कपाळ माझं. तुम्ही घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावून किती वेळ बघत बसला होता. मग मला बोलावून सांगितलं की हे कागदावर छापलं आहे, पण आधी धातूवर कोरलं आहे, म्हणजे आपलाच धंदा होय. सातासमुद्रापार, दीडशे वर्षांमागं, कोणीतरी असाच मान मोडून बसला होता याचा तुम्हाला एवढा आनंद झाला, जसा एखादा हरवलेला सोयरा सापडला. घोड्यावरच्या गोऱ्या साहेबाच्या मिशीचा केस न् केस वेगळा काढलेला. घोड्याच्या मानेवरच्या शिरासुद्धा. आणि त्याच्या टापांखाली पडलेले शिपाई, ते तीन-चार रेघांत उरकलेले.

बारावी झाल्यावर मी तुमच्याजवळ शिकायला बसले. दादा तेव्हा पोलीस भरतीसाठी रोज सकाळी कामठ्याच्या रस्त्यानं धावायचा, मी तुमच्या हाताखाली ठोकाठोक करायची. तुम्ही मला पितळी पत्र्याचा एक तुकडा दिला आणि त्यातलं एक चित्र उतरवायला सांगितलं. आठ दिवस खपले मी त्याच्यावर. तुम्ही पत्रा उजेडात तिरपा धरला, घोडा जमला म्हणाला, आणि मी फुगले. मग तुमचं बोट खाली पडलेल्या शिपायावर आलं.

"याले काऊन तोंड नाही वो बाई?"

मी म्हटलं, मुळातच नाही, तर मी कुठून आणू.

"त्या गोऱ्यानं नाही केलं. त्याच्या ओळखीचं कोणी नव्हतं त्याच्यात. तुले का झालं? हा बी कोणाचा पोरगा होय ना."

आणि पत्रा सरळ मोडीच्या डब्यात टाकला. मला इतका राग आला, बाबा, की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून आईजवळ तुमची चुगली केली. दादा हसत होता. तो म्हणाला, बाबाचं काही चुकत नाही, तूच आळशी आहेस.

दादाची नेमणूक सालेकस्याच्या पुढं जंगलात झाली. सहा वर्षं नीट गेली, मग एका सकाळी रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला आणि दादासकट तिघे गेले. पेटी आली, झेंड्यात गुंडाळलेली. उघडू नका, असं आलेल्या साहेबानं हात जोडून सांगितलं. तुम्ही एकदाच विचारलं, तोंड तरी? त्यानं नाही म्हणून मान हलवली. तुम्ही रडला नाही. तेव्हा तुम्हाला दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, साखरेनं बोटांची टोकं बधिर झाली होती, छन्नी सुटून दोन वर्षं झाली होती. भिंतीला टेकून बसून असायचा. आई पुढ्यात ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

विहाराजवळ तिघांचं स्मारक बांधायचं ठरलं. पितळी पाटी, आणि मोठे नेते येऊन अनावरण करणार. त्यांचा माणूस घरी आला. घरचीच पोरगी कोरते तर तिनंच कोरावं, म्हणाला. चहा पिता पिता दादाच्या जागी नोकरीसाठी मी केलेल्या अर्जाचंही बोलला, फाईल साहेबांच्या नजरेखालून जाणार आहे म्हणून. मजकुराचा कागद ठेवून तो गेला, आणि मी तीन दिवसांत पाटी कोरली. नेत्याचं नाव वर, दोन बोटं उंच, दुहेरी रेघेचं, खोल. मग मेलेल्या तिघांची नावं खालच्या उरलेल्या जागेत. दादाचं सगळ्यांत शेवटी, स्क्रूच्या भोकाला घासून, कसंबसं बसवलेलं. पितळ काही कागद नव्हे. एकदा कोरलं ते कोरलं.

अनावरण झालं, भाषणं झाली, गाड्या गेल्या. खुर्च्या उचलत असताना तुम्ही मला म्हणाला, मले घेऊन चाल. मी तुमचं मनगट धरून पाटीजवळ नेलं. "कुठं हाय तो?" तुम्ही विचारलं. तुमचा हात मी आधी खालीच नेत होते. पण तिथं तुमच्या बधिर बोटांना काय लागणार होतं, नुसते ओरखडे. मी हात वर उचलला आणि त्या मोठ्या नावावर ठेवला. तुम्ही रेघेतून बोट फिरवत राहिला, अक्षरं कळत नव्हती, खोली तेवढी कळत होती.

"लय खोल कोरलं वो माय. मोठं टाकलं पोराचं नाव."

मी म्हटलं, हो बाबा. आणि तुम्ही रडला. पेटी आली तेव्हापासून पहिल्यांदा.

मग दर रविवारी वंदना झाली की तुम्ही काठी टेकत पाटीकडं जायचा, त्या नावावर हात ठेवून उभे राहायचा, पुटपुटायचा. अख्खं गाव बघत होतं. कोणाचं तोंड उघडलं नाही, आईचंही नाही. तीन वर्षं, तुम्ही जाईपर्यंत. मला त्या सगळ्यांचा राग यायचा, जसं काही मला तोंडच नव्हतं. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून केलं, असं मी स्वतःला समजावत आले, आणि ते अगदीच खोटं नाही. अनावरणाच्या दिवशी संध्याकाळी, दादा पुन्हा सापडल्यासारखे, तुम्ही पोटभर जेवला होता.

नोकरी मला लागली. तिरोड्याला ऑफिसात आहे, टेबल आहे, आईची औषधं चुकत नाहीत. छन्नीला त्यानंतर हात लावला नाही. हे पत्र कोणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्नच नाही. चित्रांच्या खाली ठेवून देईन आणि ट्रंक बंद करीन.

आईनं एकदाच विचारलं होतं, नेत्याचं नाव एवढं मोठं कायले. मी सांगितलं, वरून जसं आलं तसं कोरलं. तिनं मान डोलावली, गावानंही तेच धरलं. पण बाबा, वरून आलेल्या कागदावर चारही नावं एकाच मापाची होती. साहेबांचं मोठं मी माझ्या मनानं केलं.