अठ्ठावीस दातांचं चाक

४ मे

चि. चिमणीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या हट्टापायी काल मोबाइल घेतला. रोज दीड जीबी डेटा, आणि दिवसाअखेर उरला तर गायब! उरलेला जातो कुठे म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणे, असं कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, गिऱ्हाइकाचा एक स्क्रू कधी ठेवून घेतला नाही. डोकं असं फिरलं की कागद न वाचताच महिन्याचा प्लॅन दे म्हणालो आणि तणतणत निघालो.

असो. ३१ तारखेला सकाळी सातला, तुला आत नेण्याआधी, मी व्हिडिओ कॉलवर समोर असेन. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले ना? मग वर्ग दणाणून सोडणारी तुझी ती हाक मला एकदा मनसोक्त ऐकू दे. काळजी करू नकोस असं लिहितो खरा, पण मीच करत बसलोय.

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा तुझा,
नाना

२ जून

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, म्हणून भांडण कागदावर.

अकरा वेळा व्हिडिओ कॉल लावला, नाना! मग साधा फोन लावला, तर सेवा बंद असल्याचं एक बाई गोड आवाजात ऐकवत राहिली. तुमचं काही बरंवाईट झालं असंच वाटलं मला. शेवटी नर्सने फोन काढून घेतला. माझा आवाज मी त्या बाईवर ओरडण्यात घालवला. संध्याकाळी शेजारच्या काकूंचा निरोप आला, की तुम्ही ठणठणीत आहात आणि मोबाइलच्या दुकानात भांडताय. आधी हायसं वाटलं, मग रडूच फुटलं.

रागावलेली, तरी तुमचीच,
चिमणी

७ जून

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा! मी तीन तारखेला घेतला, तीसलाच संपला. म्हणे मेसेज पाठवले होते. अगं, दिवसभर काहीबाही विकणारे मेसेज येतात म्हणून मी मोबाइलची घंटीच बंद केली होती. काउंटरवर हात आपटून विचारलं, महिना कापायचा अधिकार यांना दिला कुणी? तर म्हणे, सगळीकडे असंच चालतं. निर्लज्ज कुठले!

पण कागद मी वाचला नाही, ही चूक माझी. त्याच संध्याकाळी नवा प्लॅन घेतला, पण तुला तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

तुझं मौन सुटेल तीस तारखेला, आणि हा प्लॅन संपतोय सत्तावीसला. म्हणून अठ्ठावीस दातांचं पितळी चाक कापून भिंतीवरच्या घड्याळाला बसवलं. रोज एक दात सरकतो; सत्ताविसाव्या दिवशी, म्हणजे प्लॅन संपायच्या आदल्या दिवशी, टोला पडेल, की मी दुकानात हजर. जन्मभर लोकांना बरोबर वेळ दाखवली. मुद्दाम खोटा महिना मोजणारं हे माझं पहिलंच घड्याळ.

पत्र मिळेल त्या दिवसापासून रोज सातला फोन लाव. तू नुसती बस, बडबड मी करीन. आणि तीस तारखेला पहिली हाक मला मार. घोगरी असली तरी चालेल.

लोभ असू दे, आणि त्याला मुदत नको.

तुझा,
नाना