पाचारणाची तपासणी

सोमवार, ३ तारीख. सकाळी ६.५०

झाले ते असे:
१. काल उपासनेनंतर पाळकांनी मला थांबवले.
२. डोंगरापलीकडच्या मिशन हॉस्पिटलात नवजात बाळांची यंत्रे दुरुस्त करायला माणूस हवा आहे. दोन वर्षांसाठी. काम मी आज इथल्या हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये करते तेच.
३. तिथल्या मॅट्रनबाईंना १४ तारखेपर्यंत उत्तर हवे.
४. मी म्हणाले, देवाचे पाचारण असेल तर जाईन.
५. पाळक म्हणाले, मग ऐक.

ऐकणार. पण पद्धतशीर. निकष: तीन खुणा, एकमेकींशी संबंध नसलेल्या. रोज सकाळी सहा ते सहा वीस शांत बसायचे. तक्ता आखला.

मंगळवार, ४

बसले. फ्रीज घरघरत होता. अशा आवाजात काय ऐकू येणार? ओढून मागचे स्क्रू आवळले. आई उठून आली, म्हणाली, प्रार्थना चाललीय की फ्रीजचं ऑपरेशन? उद्यापासून नक्की.

गुरुवार, ६

आजचा शास्त्रपाठ 'जा' या शब्दाने सुरू होतो. पहिली खूण? पण वाचनांचा क्रम वर्षाच्या सुरुवातीलाच छापून येतो. बाद.

शुक्रवार, ७

६.०५ ला मॅट्रनबाईंचा फोन. इनक्युबेटरचा अलार्म थांबत नव्हता, आत नऊशे ग्रॅमचे बाळ. बाळाला नर्सच्या छातीशी धरायला सांगितले. बाईंना स्क्रूड्रायव्हर घ्यायला लावला, मागचे झाकण उघडवले. पंख्यात कापूस अडकला होता. ६.४० ला तापमान जागेवर. बाई म्हणाल्या, अगं, तू इथं असतीस तर. मागे बाळ रडत होते.

शांत बसायची वेळ निघून गेली. नोंद: व्यत्यय. काही ऐकू आले नाही.

रविवार, ९

पाळकांनी विचारले, काय ऐकलंस? तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा चढवून सगळा वाचला. शुक्रवारच्या रकान्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचललेच नाही. मग म्हणाले, पोरी, तुझ्या परीक्षेत देव नापासच होणार बहुतेक.

पाळकांना विनोदाची आवड आहे.

मंगळवार, ११

आई म्हणाली, जायचं नसेल तर नाही म्हण की सरळ, देवाला कशाला मध्ये घालतेस? मी म्हणाले, प्रश्न तो नाही, तू एकटी पडशील. ती म्हणाली, माझं नाव पुढे करू नकोस हं, तुझा मामा कधीचा राहायला बोलावतोय, आणि त्याच्या घरात पहाटे कोणी फ्रीज ओढत नाही.

हे कारणही बाद. खूण मात्र अजून नाही.

गुरुवार, १३

अर्ध्या दिवसाची रजा. उपास. फोन बंद करून कपाटात. चर्चच्या मागच्या बाकावर चार तास. संपूर्ण शांतता, अगदी हवी तशी. भूक लागली, एवढेच समजले.

शुक्रवार, १४

काल माझा फोन लागेना म्हणून मॅट्रनबाईंनी वर्कशॉपच्या लाइनवर केला. तिथे माझ्यासोबत काम करणाऱ्या काकांनी उचलला; सतत सोल्डरिंग करतात म्हणून सगळे त्यांना सोल्डरकाका म्हणतात. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षे आहेत, चर्चमध्ये फक्त लग्नाला येतात. बाईंनी विचारले, ती काय म्हणतेय? काका म्हणाले, ती ऐकतेय. मग बाईंनी काम काय ते सांगितले. सोमवारी काका निघणार.

मी विचारले, काका, तुम्हाला पाचारण झालं? ते म्हणाले, म्हणजे काय असतं? बाईंनी येता का विचारलं, मी येतो म्हटलं.

मग त्यांनी माझा बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच मागितला. दिला.

शनिवार, १५. सकाळी ६.००

आज बसले नाही. तक्त्यात तिन्ही खुणांच्या जागा कोऱ्या आहेत. तरी मॅट्रनबाईंना लिहिले:

काकांनी आजवर एक्स-रे मशीनच दुरुस्त केली आहेत, इनक्युबेटर नाही. मी शनिवार-रविवार येऊन त्यांना शिकवू शकते. झोपायला कोणतीही जागा चालेल. अजून उपयोग असेल तर बुधवार, १९ तारखेपर्यंत कळवावे.