तुमच्यावर रुसलेली एकटी पोर

डॉक्टरसाहेब, काल भाजीबाजारात एक धिप्पाड माणूस माझ्यासमोर येऊन थबकला. चांगला मिशीवाला, हातात कोथिंबिरीची जुडी. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा रिकामा हात आपोआप मागच्या खिशावर गेला. मी लगेच ओळखलं, हे आपल्या दवाखान्यातलं पोट्टं. तोंड काही आठवलं नाही, पण मला पाहून हात मागे नेणारी माणसं वर्ध्यात अजून पुष्कळ आहेत. तो ओशाळला, म्हणाला, "बाई, तुमाले पाहिलं का अजून दुखते." मग तुमचा विषय निघाला आणि त्याचा आवाज बदलला. देवमाणूस होते म्हणाला. माझी पोरगी दिवाळीला आली आहे, ती शेजारी उभी राहून भेंडी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले तर नाई आवडत होते ते. हात भलता जड त्याईचा." तो माणूस तिच्याकडे पाहतच राहिला. "ते कुठं सुई देत होते? सुई तर तुमची आई देत होती," म्हणाला. मी घाईघाईनं भेंडीचे पैसे दिले आणि तिला तिथून हलवलं. आज दुपारी ती झोपली आहे, म्हणून लिहायला बसले.

त्या माणसाचं खरंच होतं. तुम्ही सुई देत नव्हता. पोराला तपासायचं, त्याच्या पोटावर टिचकी मारून आत बेडूक आहे का म्हणून विचारायचं, खिशातली संत्रागोळी द्यायची, ही सगळी कामं तुमची. सुई लिहिली की पोर पडद्यामागे माझ्याकडे. मी एका हातानं कुल्ला धरायची, खोक म्हणायची, आणि पोर खोकेपर्यंत माझं काम झालेलं असायचं. माझा हात हलका होता, हे तुम्हीसुद्धा मान्य करत होता. पण पोराला त्याचं काय? ते भोकाड पसरून बाहेर यायचं आणि तुम्ही खुर्चीतून उठायचे. "कोनं टोचलं रे तुले? या बाईनं? थांब." मग माझ्याकडे वळून डोळे वटारायचे, "काऊन टोचलं हो बाई याले? पुन्हा टोचसान तर पाहा मंग." मी खाली मान घालायची, "चुकलं साहेब." पोराचं रडणं थांबायचं. आष्टीकडून एसटीनं आलेल्या आयाही पदर तोंडाला लावून हसायच्या. तुमचं म्हणणं असं, की आजारी पोराला दवाखान्यात एक तरी माणूस आपलं वाटलं पाहिजे, नाहीतर ते छाती उघडून दाखवत नाही. ते आपलं माणूस तुम्ही, हे ओघानंच आलं. उरलेलं माझ्याकडे. बाजारात पोरं मला पाहून आईच्या मागे लपायची, आणि जेवत नसलेल्या पोराला आया म्हणायच्या, सुईवाल्या बाईले बोलावू का. मला राग यायचा, साहेब. पण नोकरीतलाच भाग म्हणून मी तो गिळत होते.

मग ती दिवाळीची सुट्टी आली. यांची एसटीची ड्यूटी मुक्कामी गाडीवर, पोरीला सांभाळणारी शेजारीण माहेरी गेलेली. मी पोरीला दवाखान्यात घेऊन आले आणि पडद्याजवळच्या स्टुलावर बसवलं. शाळेत नुकतीच जायला लागली होती ती. दिवसभर तिनं पाहिलं. पोरं आत जातात, रडत बाहेर येतात, आणि साहेब आईला रागावतात. संध्याकाळी नालवाडीला घरी आलो. मी घास पुढे केला तर तिनं तोंड फिरवलं. "तू पोट्ट्याइले काऊन रडवतं? साहेब रोज तुले रागावते, तरी रडवतं." मी म्हटलं, अगं ते खोटंखोटं असतं. तिला पटलं नाही. रडणं तर खरं होतं ना.

थंडी सुरू झाली आणि तिच्या छातीत कफ धरला. अंग तव्यासारखं तापलेलं. कपाळावर ओली पट्टी ठेवायला गेले तर ती भिंतीला चिकटली आणि ओरडायला लागली, "बाईनं मले हात नाई लावायचा." मला बाई म्हणाली ती. आई नाही, बाई. तिला चादरीत गुंडाळून तुमच्याकडे आणली तेव्हा रिक्षात तिनं माझ्या मांडीवर डोकंही टेकलं नाही. तुम्ही छाती ऐकली, गोळीनं भागणार नाही म्हणालात, आणि चिठ्ठी लिहिली. मी सवयीनं हात पुढे केला. तेव्हाच तोंडातून निघून गेलं, की साहेब, मी नोकरी सोडते. माझी पोर माझ्या हाताला घाबरते, मला हे काम नको. तुम्ही चिठ्ठी दिली नाही, स्वतःच्या खिशात टाकली. म्हणालात, "हिची सुई मी देतो. दवाखान्यात आणू नका, मी घरी येतो. तुम्ही फक्त मांडीवर घेऊन बसा. आन मंग मले रागवा. पोटभर रागवा."

अजून दिसतं. तुमची स्कूटर सकाळी आमच्या दारात उभी राहते, शेजारपाजारच्या बाया डोकावतात. तुम्ही बाजेच्या कडेला बसता, सिरींज भरता, आणि मला दिसतं की तुमच्या हाताची सवय पार मोडली आहे. किती वर्षांत सुई धरली नसेल. सुईचा कोन चुकतो, औषध फार जोरात जातं. पोर किंचाळते आणि माझ्या गळ्याला मिठी मारते. मी तिची पाठ थोपटत राहते. तुम्ही हळूच म्हणता, "विचारा ना, काऊन टोचलं म्हणून." मग मी विचारते, "काऊन टोचलं हो साहेब माह्या पोरीले?" तुम्ही खाली मान घालता. "चुकलं बाई." पोर माझ्या खांद्यावरून डोळे विस्फारून तुमच्याकडे पाहत राहते.

पुढच्या सुयांना मला रागवायला शिकवावं लागलं नाही. कुल्ल्यावर गाठ आली तेव्हा मी खरंच बोलले. असं टोचतात का, मांस आहे का लाकूड, शिकले कुठं तुम्ही. पडद्यामागं गिळलेलं सगळं त्यात निघालं, तुम्हालाही ते कळलं असणार. तुम्ही तसेच उभे, हातात रिकामी सिरींज, "चुकलं बाई, चुकलं." तुम्ही गेलात की मी गाठ गरम फडक्यानं शेकायची आणि पोर माझ्या हाताखाली शांत पडून राहायची. म्हणायची, "आई, उद्या त्याइले घरात येऊ देऊ नको." मी म्हणायची, नाही देत. आई म्हणाली, याचाच आनंद एवढा होता की तुमची कीव करायला सवड नव्हती.

ती बरी झाली. मी नोकरीवर परत आले, पडद्यामागे. पण ती तुम्हाला पाहून माझ्या साडीत तोंड लपवायची. एकदा रस्त्यात तुम्ही स्कूटर थांबवून संत्रागोळी पुढे केली. तिनं हात मागे बांधले. तुम्ही गोळी परत खिशात टाकली. बरीच वर्षं अधूनमधून विचारायचे, "अजून रागावून आहे का?" मी हो म्हणायची. तुम्ही बरं म्हणायचे आणि पुढच्या पोराला आत बोलवायचे. समजावून सांगा तिला, असं कधी म्हणाला नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी दुकानं बंद होती, मोठमोठे बाप्ये रडत होते. ती कॉलेजात होती. म्हणाली, तू जाऊन ये. मी गेले.

काल घरी आल्यावर तिनं विचारलंच. मी भेंडी चिरत होते, ती म्हणाली, "तो माणूस असा काऊन म्हणाला? सुई तू देत होती ना, मंग मलेच त्यांनी काऊन दिली? तुह्या हातानं दुखलं नसतं." सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, आपल्या घरच्यांना आपण सुई देत नसतो, डॉक्टरच देतात. तिनं मान डोलावली आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली, तू बस म्हणाली.

तिला सांगितलं तर ती तुम्हाला माफ करेल, एवढंच नाही, तुम्ही तिला आवडायला लागाल. त्या बाजारातल्या माणसासारखा तिचाही आवाज बदलेल. ते तुमचं हक्काचं आहे, मी अडवून धरलं आहे, आणि पुढेही धरणार आहे. ती उठायच्या आत हा कागद चुलीत घालीन. अख्खं वर्धा तुमचं आहे, साहेब. ही एकटी माझी राहू द्या.