ठोंब्याची दाढ

प्रिय सूनबाई,

कागदोपत्री आता तू माझी कुणी नाहीस, पण सात वर्षांची जिभेची सवय एका सहीने सुटत नाही, तेव्हा रागावू नकोस. आधी बातमी सांगते: आपला ठोंब्या आजारी होता, आता बरा आहे. घाबरून फोन करण्याआधी पत्र पुरतं वाच.

तू गेल्यावर दोनेक महिन्यांनी त्याचं खाणं कमी झालं. ताटलीतले दाणे तोंडात घ्यायचा, एकाच बाजूने चावायचा, निम्मे खाली पाडायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. लाळ गळायची, पंजाने गाल घासायचा. आम्ही ठरवूनच टाकलं की कुत्रा तुझ्यासाठी झुरतोय. मी तुझी जुनी शाल त्याच्या अंथरुणात घातली. तुझे सासरे, जे एरवी त्याला सोफ्याच्या आसपास फिरकू देत नाहीत, ते त्याला मांडीवर घेऊन तुझे फोटो दाखवायला लागले! माझा लेक हे बघून बाहेर निघून जायचा. कुत्रा उपाशी आणि आम्ही आपले त्याची समजूत काढतोय.

मग एका सकाळी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला आणि मला बोलावून दाखवलं. वरची मोठी दाढ तडकलेली, मुळाशी पू, हिरडी लालभडक. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात फोनवर बसले, दुखणं अंगावर काढू नका म्हणून रोज लोकांना दटावलं, आणि घरच्या तोंडात एकदाही डोकावले नाही. तोंडाला वास येत होता, तोही मी विरहाच्या माथी मारला. बाई म्हणाल्या, कुत्री दुखणं लपवतात. घास पडायला लागले, वास यायला लागला की आधी इथे आणायचं, त्याच्या मनात काय चाललंय ते नंतर बघू. भूल देऊन दाढ काढली, आठवडाभर गोळ्या आणि मऊ खाणं. आता मी अधूनमधून ओठ उचलून हिरड्या बघते आणि कुत्र्यांच्या वेगळ्या पेस्टने त्याचे दात घासते, आपली त्यांना चालत नाही. तो गाढव ब्रशच खायला बघतो.

दहाव्या दिवशी त्याने ताटली चाटूनपुसून साफ केली आणि माझी चप्पल पळवली. सगळे हसले. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुत्रा झुरत नव्हता गं, झुरत होते मी. सासूने गेलेल्या सुनेसाठी झुरावं हे सांगणार कुणाला, म्हणून त्याच्या नावावर खपवत होते. त्या दिवशी कोर्टाबाहेर तू माझ्याकडे बघत उभी होतीस आणि मी मान वळवून गाडीत बसले. आईने मुलाच्या बाजूने राहायचं, एवढंच मला तेव्हा कळलं. चुकले मी. ठोंब्याला बघायला ये असं लिहिणार होते, पण आता त्याला पुढे करत नाही. मलाच तुला बघायचंय. घरी नको वाटत असेल तर म्हणशील तिथे येईन, कुत्र्याला न घेता.

तुझीच,
(अजून म्हणवत असेल तर) आई