तळघरातला छोटा डबा

टॉरिंग्टन, वायोमिंग
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

प्रिय वेंडेल,

तू आणि ओपल बरे असाल. इकडे मी ठीक आहे आणि तुझा भाऊ कुरकुर करतोय, म्हणजे तोही ठीक आहे. दोन वर्षांनी वहिनीचं पत्र आलेलं पाहून तू ते न उघडताच ओपलच्या हातात देशील आणि म्हणशील, "बघ गं, कोण गेलं." कोणी गेलेलं नाही. निवांत बसून वाच.

थंडीने यंदा कहर केलाय. अंगणातला नळ तीनदा फुटला. बाहेर नेमबाजीची सोय नाही, म्हणून हार्लनने मेणाच्या गोळ्या अडवायला तळघरात पुन्हा सतरंजी टांगली आहे, आणि तुझ्या जागी गडी म्हणून मला घेतलंय. तुम्ही दोघे भाऊ तीस हिवाळे माझं जेलीच्या बरण्यांवर ओतायचं मेण पळवत आलात. आता मी स्वतःच स्वतःचं मेण पळवून पातेल्यात वितळवते. वडी थंड झाली की रिकामी पितळी काडतुसं तिच्यात दाबायची, बिस्किटं कापावीत तशी, की तोंडाशी मेणाची गोळी बसते. परवा मी काडतुसांच्या बुडाला बार उडवणारी टोपी आधी बसवली आणि मेणात नंतर दाबली, तर आतल्या हवेने मेण परत बाहेर ढकललं. हार्लन म्हणाला, "आधी मेण, मग टोपी. वेंडेलला अकराव्या वर्षी कळत होतं हे." मी म्हटलं, "मग बोलाव त्याला." त्याने पातेलं घासायला घेतलं. तुझ्या भावाने पातेलं घासलं, वेंडेल. यावरून काय ते समज.

मेणात अजूनही तो तुझ्या जॅनिसचे शाळेतले काळे मेणखडूच वितळवतो. तू दरवर्षी लाल घाल म्हणून भांडायचास. त्याचं म्हणणं तेच, काळ्याची खूण पुठ्ठ्यावर उठून दिसते. पण काळं कुठलं, ते होतं राखाडी.

नेमबाजीच्या क्लबातले सगळे तुझी चौकशी करतात. पट्ट्यातून रिव्हॉल्व्हर काढण्यात तुझ्याएवढं चपळ अजून कोणी झालेलं नाही. हार्लन असं म्हणत नाही, पण दुसरं कोणी म्हणालं तर खोडूनही काढत नाही.

गेल्या रविवारी चर्चमध्ये ओपल भेटली. घर विकलंत, एक मार्चला ऑरेगॉनला जॅनिसकडे कायमचे निघालात, असं म्हणाली. लेकीजवळ राहणार, चांगलंच आहे. मग म्हणाली की तू रिव्हॉल्व्हर विकून टाकलंस, वडिलांनी दिलेलं. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "तो म्हणतो, ज्याच्या हलगर्जीपणाने वहिनीवर गोळी गेली त्याने हत्यार बाळगू नये. आताशा साधा गॅस बंद केला तरी तीनतीनदा जाऊन बघतो."

चुलीवर काहीतरी ठेवलंय, ते उतू जाईल. बाकीचं उद्या लिहिते.

गुरुवार सकाळ

चुलीवर काहीही नव्हतं.

आता सरळ लिहिते. दोन वर्षांपूर्वी त्या रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. हार्लनने रिव्हॉल्व्हर काढलं, आणि नेहमीच्या फट्‌ऐवजी सगळं घर हादरलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मेणाबरोबर एक खरं काडतूस भरलं गेलं होतं. गोळी सतरंजीतून आणि मागच्या फळीतून आरपार गेली. फळीपलीकडच्या कोठीत मी बरणी काढायला वाकले होते. गोळी माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर लागली आणि रानचेरीच्या जेलीच्या तीन बरण्या माझ्या अंगावर फुटल्या. हार्लन धावत आला आणि मला लाल झालेली बघून त्याला रक्तच वाटलं. जेली आहे हे कळल्यावर तो वळला आणि त्याने तुझी कॉलर धरली.

"डबे कोणी भरले होते?"

"मीच भरले, दादा. पण खरी सहा मी वेगळी ठेवली होती, छोट्या डब्यात. तो छोटा डबा कुठे गेला?"

"डब्याच्या डोक्यावर खापर फोडू नकोस. माझी बायको मारली असतीस तू. चालायला लाग."

वेंडेल, छोटा डबा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. त्यात बटणं भरलेली होती.

त्याआधीच्या शुक्रवारी मला बटणांसाठी घट्ट झाकणाचा डबा हवा होता, म्हणून मी तळघरात गेले. छोट्या डब्याच्या तळाशी पाचसहा काडतुसं होती. गोळी पुंगळीच्या काठाबरोबर बसलेली, रंग राखाडी. मोठ्या डब्यातली मेणाचीही तशीच दिसत होती, काठाबरोबर आणि राखाडी. मला वाटलं, एकच माल दोन डब्यांत कशाला, आणि मी छोटा मोठ्यात रिकामा केला. टापटीप केली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

ती चूक झाली, पण तिच्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तू "छोटा डबा कुठे गेला" असं विचारलंस तेव्हा मी फळीपलीकडे उभी होते, आणि मला उत्तर माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. आधी भीतीने. मग तू जिना चढून गेलास. मग सोमवार उजाडला. रोज म्हणायचे, उद्या सांगेन. खरं तर हार्लनचा तो राग मला माझ्यावर नको होता. तुझ्यावर असला तर निवळेल, भाऊ भाऊ भांडतात आणि एकत्र येतात, असं मी स्वतःला समजावलं. तो निवळला नाही, आणि तू आपल्याच हातांना घाबरायला लागलास. या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. तुझ्या सदऱ्यांना बटणं मी लावली आहेत. मी तुझ्याशी असं वागायला नको होतं.

काल न्याहारीच्या वेळी हार्लनला सगळं सांगितलं. तो ओरडेल म्हणून मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. तो कॉफीकडे बघत बसला. मग म्हणाला, "डबा कोणीही मिसळू दे. रिव्हॉल्व्हर भरणाऱ्याने एकेक काडतूस उजेडात धरून बघायचं, हा आपल्या तळघराचा पहिला नियम आहे. मी बघितलं होतं, व्हेल्मा."

"मग?"

"मला दिसलं नाही. त्या हिवाळ्यापासूनच दिसत नव्हतं. मेण कुठलं आणि शिसं कुठलं, मला कळत नव्हतं. ते कबूल करण्यापेक्षा वेंडेलला हाकलणं सोपं होतं."

दोन वर्षं एकाच टेबलावर जेवलो आम्ही, वेंडेल, आणि दोघांनीही आपापलं पाप तुझ्या ताटात वाढलं.

हार्लन पत्र लिहिणार नाही, तुला ठाऊक आहे. पण शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही दोघे तुमच्याकडे येतोय. गाडी मी चालवणार, कारण आता त्याच्याने होत नाही हे त्याने काल पहिल्यांदा मान्य केलं. तो तुझी माफी मागणार आहे. ती मागायला त्याला वेळ लागेल, तेवढा दे.

माझ्यावर चिड, हवं ते बोल, मी ऐकून घेईन. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. आम्ही तुझ्या पायरीवर उभे राहू आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगू, की त्या दिवशी वेंडेलने काहीही चुकीचं केलं नव्हतं. ते ऐकल्याशिवाय तुला ऑरेगॉनला जाऊ देणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन वर्षं लावणारी,
तुझी वहिनी
व्हेल्मा